शल्यचिकित्सकाने नगरपरिषदेची पायरी चढण्यापूर्वी

दक्षिण कोकणात नव्याने रुग्णालय थाटलेले शल्यचिकित्सक सहकारी मला हल्ली दोन प्रश्न हमखास विचारतात: रुग्णालय व्यवस्थापनाचे शिक्षण घ्यावे का, आणि लोक आग्रह करीत असतील तर निवडणूक लढवावी का. या दोन्ही वाटांवर मी अजूनही धडपडतच आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

शिक्षणाविषयी थोडक्यात सांगतो. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेससारख्या संस्थेत पूर्णवेळ शिकता आले तर अवश्य शिकावे, परंतु सुट्टीच्या दिवशी उरकलेल्या पदविकेवर माझा काडीचा विश्वास नाही. त्यापेक्षा एखाद्या निवृत्त कार्यालय अधीक्षकाजवळ बसून साठा नोंदवही, निविदा आणि वार्षिक देखभाल करार समजून घ्यावेत. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हपासून वातानुकूलन यंत्रापर्यंत सगळ्याला गंज धरतो, त्यामुळे खरेदीपेक्षा देखभालीचा करार महत्त्वाचा ठरतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे दावे अडकतात तेव्हा आपण कारकुनाला बोल लावतो. प्रत्यक्षात अनेकदा आपणच घाईत खरडलेली शस्त्रक्रियेची टिपणी अपुरी असते.

आता ज्या सापळ्यात मी अडकलो, त्याविषयी सविस्तर लिहितो. लोक शल्यचिकित्सकाला मत देतात ते गावातले सरकारी रुग्णालय सुधारेल या आशेने, आणि निवडून आल्यावर त्याच्या हाती जी सत्ता येते तिचा त्या रुग्णालयाशी जवळजवळ संबंध नसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असतात. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची असून त्यांचा कारभार जिल्हा शल्य चिकित्सक पाहतात. नगरपरिषदेकडे पाणी, गटारे, कचरा, डासांचा बंदोबस्त, जन्म-मृत्यूची नोंद आणि असलाच तर स्वतःचा एखादा दवाखाना, एवढेच उरते. ही विभागणी आपल्याला तोंडपाठ असते, तरीही प्रचाराच्या सभेत समोरून टाळ्या पडू लागल्या की ‘उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ आणून दाखवतो’ असे वाक्य तोंडून निघूनच जाते. भूलतज्ज्ञाचे पद मंजूर करणे, ते भरणे आणि बदली झाल्यावर दुसरा माणूस देणे, यांतले काहीही नगरपरिषदेच्या ठरावाने होत नाही. ठराव एकमताने होतो, मुंबईला जातो आणि तिथेच राहतो. इकडे पोटाच्या शस्त्रक्रियेचा रुग्ण रात्री रुग्णवाहिकेत घालून गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात किंवा घाट चढून कोल्हापूरला पाठवावाच लागतो. मग बाजारात कोणीतरी विचारतोच, ‘डॉक्टरांनू, निवडून इलात, मगे भूल देवचो डॉक्टर खय आसा?’ या प्रश्नाला कायद्याचे कलम हे उत्तर चालत नाही. म्हणून आपल्या पदाच्या कक्षेत नसलेले एकही आश्वासन देऊ नये, मग सभा थंड पडली तरी चालेल.

हे वाचून खचण्याचे मात्र कारण नाही, कारण काही दारे खरोखर उघडी असतात. जिल्हा नियोजन समितीचे किमान चार पंचमांश सदस्य स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निर्वाचित सदस्यांमधून निवडले जावेत, असे ७४व्या घटनादुरुस्तीने ठरवले आहे, आणि यंत्रसामग्री किंवा रुग्णवाहिकेचा निधी या समितीतून मिळू शकतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून खासगी भूलतज्ज्ञाला मानधनावर बोलावता येते; त्यासाठी रुग्णकल्याण समितीच्या बैठकीत नेटाने विषय लावून धरणारा माणूस लागतो, आणि तिथे आपला वैद्यकीय अनुभव भाषणापेक्षा जास्त वजन टाकतो. शिवाय गटारे आणि पाणी हे काही हलके काम नव्हे: लेप्टोस्पायरोसिस आणि काविळीचे रुग्ण पावसाळ्यात कुठून येतात, हे आपल्यापेक्षा कोणाला अधिक ठाऊक आहे? आणि ज्यांना निवडणूक झेपणार नाही त्यांनी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांकडे पाहावे. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशाचा अभ्यास सुरू केला आणि १९८२ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्यासाठी कोणत्याही पक्षाचे तिकीट लागले नव्हते.

सरकारी सेवेत असणाऱ्यांना स्पष्टच सांगतो: महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासकीय कर्मचाऱ्याला निवडणूक लढवता येत नाही, तेव्हा राजीनामा मंजूर झाल्याचा कागद हातात येईपर्यंत प्रचाराची भाषाही करू नये. खासगी व्यवसायात असणाऱ्यांनी १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाचे कलम १६ वकिलाबरोबर बसून वाचावे. नगरपरिषदेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर अपात्रता ओढवते, आणि सफाई कामगारांच्या आरोग्य तपासणीचे साधे कामही विरोधकांना छाननीच्या वेळी पुरेसे ठरू शकते. आचारसंहिता लागल्यावर मोफत शिबिर घेणे तर प्रलोभनाच्या तक्रारीला निमंत्रणच होय.

मार्गदर्शक म्हणून एखादा नेता धरावा का, असेही विचारले जाते. माझ्या मते धरू नये. जो तिकीट मिळवून देतो तो पुढे रुग्णालयातल्या नेमणुकाही सांगू लागतो. आपल्याकडे वाडीवाडीची मुंबई मंडळे मतांचा कल ठरवतात, म्हणून गणपतीत आणि शिमग्याला गावी आलेल्या चाकरमान्यांशी स्वतः बोलणे कोणत्याही आडवाटेपेक्षा बरे. त्यातही प्रभागाच्या आरक्षणाची सोडत आपल्या हातात नसते, त्यामुळे पाच वर्षे सांभाळलेला प्रभाग एका चिठ्ठीने जाऊ शकतो, याची घरच्यांना आधीच कल्पना द्यावी.

हात चालू राहावा यासाठी शस्त्रक्रियेचे वार ठरवून ते मुख्याधिकाऱ्यांना आणि नगराध्यक्षांना लेखी कळवावेत. सभेची नोटीस तरीही नेमकी त्याच वारी निघेल. अशा वेळी तातडीचे रुग्ण पाहण्यासाठी दुसऱ्या शल्यचिकित्सकाशी आधीच मानधनाचे ठरवून ठेवावे, कारण मैत्रीखात्यावर ही व्यवस्था फार काळ चालत नाही.