पुलाला बळी लागतो: जुन्या काळातल्या भयपटाची पटकथा कशी लिहावी

जुन्या काळातला भयपट लिहायला बसणारा लेखक बहुधा आधी भूत ठरवतो आणि मग त्या भुताला शोभेलसा एखादा पडका वाडा शोधतो. हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे. ज्या गावात आणि ज्या वर्षी गोष्ट घडते, त्या गावातल्या माणसांना त्या वर्षी खरोखर कशाची धास्ती वाटत होती, हे आधी शोधावे. ती धास्ती नेमकी सापडली की भूत तिच्यातूनच उभे राहते. मी ठाण्यात राहतो, म्हणून उदाहरण ठाण्याचेच घेतो.

ठाण्याच्या इतिहासातली सर्वांच्या तोंडी असलेली तारीख म्हणजे १६ एप्रिल १८५३. त्या दिवशी बोरीबंदरहून चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन निघालेली आगगाडी ठाण्याला पोहोचली. पटकथेसाठी ही तारीख मी टाळेन, कारण त्या दिवशी सारे काही भर उजेडात आणि तोफांच्या सलामीत घडले. त्यानंतरचे वर्ष मात्र विलक्षण आहे. रेल्वे पुढे कल्याणपर्यंत सुरू झाली ती १ मे १८५४ रोजी, आणि त्यासाठी मधली ठाण्याची खाडी ओलांडावी लागली. खाडीच्या गाळात पुलाचे खांब उभे राहत असताना काठावरच्या आगरी-कोळी वस्तीत काय बोलले जात असेल, याची कल्पना करण्यासाठी फार ताण द्यावा लागत नाही. मोठ्या पुलाला बळी लागतो, ही समजूत आपल्याकडे आजही पुरती पुसली गेलेली नाही. कुणाचे मूल दोन दिवस दिसले नाही, तर त्या वर्षी आई पहिल्यांदा कुणीकडे धावली असती? या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच तुमचा पहिला अंक.

आता भूत. मराठी मुलखात भुतांना जाती आहेत, आणि प्रत्येकाचे मरण, जागा व कायदा ठरलेला आहे. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी मेला तो मुंजा, आणि त्याचे ठिकाण पिंपळ. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. पाण्यात बुडून मेलेला तो गिऱ्हा, आणि तो वाट चुकवून माणसाला खोल पाण्यात नेतो. गिऱ्ह्याचा केस हाती लागला तर तो माणसाचा चाकर बनतो, आणि केस परत मिळाला की सूड घेतो, असेही कोकणात सांगतात. खाडीवरच्या पुलाच्या गोष्टीला याहून चांगले काय हवे? एखाद्या मुकादमाने तो केस दडवून ठेवला आहे आणि रात्री कुणीतरी दगड वाहते आहे, एवढ्यावर चित्रपट उभा राहू शकतो. परदेशी भयपटांतला काचेवर हात उमटवणारा आत्मा इथे आणू नये. ज्या भुताला नियम असतात त्याचीच भीती प्रेक्षकाच्या मनात साठत जाते, कारण नियम मोडला जाणार हे त्याला आधीच दिसत असते.

या समजुतींसाठी दोन जुनी साधने अवश्य चाळावीत. एक, १८८२ साली निघालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर, ज्यात मासेमारी, मिठागरे, घरे, खाणेपिणे यांचा बारीक तपशील आहे. दुसरे, जॅक्सन यांनी जमवलेल्या आणि एन्थोवन यांनी १९१५ मध्ये संपादित करून छापलेल्या कोकणातील लोकसमजुती. नाशिकला १९०९ साली ज्यांची हत्या झाली तेच हे जॅक्सन. आणि त्यातली पुष्कळशी माहिती गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेली आहे. दोन्ही ग्रंथ आपल्या गोष्टीच्या काळानंतरचे आहेत आणि साहेबाच्या नजरेतून रचलेले आहेत, हे ध्यानात ठेवून त्यांतली मते बाजूला सारावीत आणि माणसे काय करत, ते टिपून घ्यावे.

सर्वांत जास्त वेळ मात्र उजेडावर घालवावा. माझ्या पहिल्या खर्ड्यात नायकाच्या हातात रॉकेलचा कंदील होता. एका निर्मितीसंस्थेत तो वाचणाऱ्या ज्येष्ठांनी तेवढ्या एका शब्दाभोवती वर्तुळ काढून खर्डा परत पाठवला. १८५३ मध्ये खाडीकाठच्या गरीब घरात ना रॉकेल होते, ना काडेपेटी. तेलाची पणती, वाऱ्यावर फरफरणारी चूड आणि राखेखाली जपून ठेवलेला विस्तव, एवढेच. विस्तव विझला तर शेजारी मागायला जावे लागे. हे कळल्यावर मी पूर्ण सीन नव्याने लिहिला:

आत. सोनीचे घर. तिन्हीसांज.

सोनी चुलीतली राख उकरते. निखारा नाही. पुन्हा उकरते. बोटांना गार राख लागते. ती करवंटी उचलून दाराशी येते. शेजारचे घर पंधरा पावलांवर. मधे काळोख.

सोनी: वयनी, इस्तव हाय का?

उत्तर नाही. मग आवाज येतो. शेजारच्या घरातून नाही, खाडीच्या अंगाने.

आवाज: हाय. ये, घेऊन जा.

या सीनमध्ये कॅमेरा कुठे आहे हे लिहिलेले नाही, आणि लिहूही नये. तो दिग्दर्शकाचा आणि छायालेखकाचा प्रांत आहे. आपण फक्त वाक्ये आखूड ठेवायची, क्रिया वर्तमानकाळात लिहायची आणि आवाज कोणत्या बाजूने येतो ते अचूक सांगायचे.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भर दुपार आणि मध्यरात्र. खाडीत आतवर पाणी थोडे उशिरा चढते. याचा अर्थ असा की अमावास्येच्या तिन्हीसांजेला पाणी ओसरून गाळ उघडा पडलेला असतो आणि मध्यरात्री, तेही उधाणाचे, पाणी तुडुंब भरते. सोनी दिवेलागणीला त्या आवाजामागे गाळात उतरली, तर तिच्याकडे किती वेळ आहे हे लेखकाला ठरवावे लागत नाही, ते चंद्राने आधीच ठरवलेले असते. म्हणून वनलाइन, म्हणजे प्रत्येक सीनची एका ओळीतली यादी, लिहिताना प्रत्येक सीनसमोर तिथी आणि पाण्याची स्थिती लिहिण्याची सवय लावावी. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्राजवळ एकदा ओहोटीच्या वेळी जाऊन उभे राहावे. तिवरांची उभी मुळे, गाळावर उड्या मारणाऱ्या निवट्या, चिंबोऱ्यांच्या बिळांतून येणारा बुडबुड आवाज आणि तो वास, हे सारे घरी बसून सुचत नाही.

संवादांबाबत थोडक्यात सांगतो. पात्रांना बखरीची भाषा बोलायला लावू नये. घरात कुणीच तशी बोलत नसे. मिनिट, सेकंद हे शब्द गाळून घटका आणि प्रहर आणावेत, आणि आगरी बोली लिहायची असेल तर ती बोलणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडून प्रत्येक ओळ वाचून घ्यावी.

एका बाबतीत मी फार आग्रही आहे. चेटकीण ठरवून बायकांना मारण्याचे प्रकार आपल्या समाजात खरोखर घडले आहेत. तेव्हा गावाने जिच्यावर संशय घेतला तीच शेवटी खरी चेटकीण निघते, असा उलगडा करू नये. तो त्या मारेकऱ्यांची बाजू घेतो. भगतालाही निव्वळ भोंदू किंवा निव्वळ तारणहार करू नये. मूल हरवलेल्या घरात रात्रभर बसून राहणारा तोच एक माणूस असेल, तर त्याचे अपयश अधिक बोचते.

शेवटी खर्च. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट, तेव्हा शंभर पानांच्या आसपास थांबावे, आणि त्या शंभर पानांत पूल बांधताना प्रत्यक्ष किती वेळा दिसतो ते मोजावे. मी तो दोनदाच दाखवतो: एकदा धुक्यात उभा एकटा खांब, आणि एकदा गाळात पडलेला भलामोठा दगड, ज्याच्याभोवती पाणी चढते आहे. बाकी सगळा पूल कानांवर सोपवावा. दिवसभर पलीकडून घणाचे ठोके येतात, रात्री ते थांबतात, आणि एका रात्री ते थांबत नाहीत. १ मेच्या गाडीसाठीही इंजिन उभे करण्याची गरज नाही. सोनीच्या ओसरीवर पाण्याने काठोकाठ भरलेला रांजण ठेवावा. लांबून शिटी ऐकू येते, पाण्यावर तरंग उठतात; गाडी निघून जाते, आवाज विरतो, तरी तरंग मात्र उठतच राहतात.