दुरुस्त करायचं की नवीन घ्यायचं? आधी बिघाडाचं नाव काढा

पंधरा वर्षांचा फ्रीज थंड होईना, तर "आता यात काय राहिलंय" म्हणून तो भंगारात जातो. दोन वर्षांच्या टीव्हीचं पॅनल फुटलं, तर "अजून नवाच आहे" म्हणून त्यावर पंधरा-वीस हजार घातले जातात. दोन्हीकडे चूक एकच आहे. वस्तूचं वय बघितलं, नेमका कुठला भाग गेलाय ते बघितलंच नाही. त्या फ्रीजचा कदाचित तीनशे रुपयांचा रिले, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करणारा छोटा भाग, गेलेला असतो.

म्हणून मेकॅनिकला "किती खर्च येईल" हे विचारण्याआधी "गेलंय काय" हे विचारा. भागाचं नाव कळलं की पुढचा हिशोब सोपा आहे. दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या वस्तूच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आत असेल तर बेलाशक करा. निम्म्याच्या वर गेला तर थांबा. अधलामधला असेल तर दोन गोष्टी बघायच्या: बाकीची वस्तू धडधाकट आहे का, आणि ती चालू राहिली तर वीज किती खाईल. खाली दिलेले भाव शहरांतले साधारण भाव आहेत. गावाप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे शे-दोनशेचा फरक पडणारच.

सगळ्यात आधी त्याच सॉकेटमध्ये दुसरी एखादी वस्तू लावून बघा. सैल पिन, काळा पडलेला सॉकेट किंवा बिघडलेला स्टॅबिलायझर यामुळे चांगल्या वस्तूही "बंद पडतात", आणि त्यासाठी ३००-५०० रुपये व्हिजिट चार्ज उगाच जातो.

छताचा पंखा

पंखा हळू फिरतोय किंवा गुणगुणतोय पण सुरू होत नाही, आणि काठीने पातं ढकललं की फिरायला लागतो. हे कंडेन्सर (म्हणजेच कपॅसिटर) गेल्याचं लक्षण आहे. (काठीनेच ढकला, बोटाने नको.) आधी रेग्युलेटर पूर्ण फिरवून बघा. पाचवर वेग ठीक आणि दोन-तीनवर पंखा थांबत असेल, तर दोष बहुधा रेग्युलेटरमध्ये आहे.

कंडेन्सर घरी बदलता येतो. पंख्याचं बटण बंद करून भागत नाही, मेन एमसीबी बंद करा आणि टेस्टरने खात्री करून घ्या. बऱ्याच जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं, तिथे बटण बंद असतानाही पंख्यात करंट असतो. दांड्याच्या खालच्या टोकाची वाटी सैल केली की पांढरा किंवा काळा डबीसारखा कंडेन्सर दिसतो. वायर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कंडेन्सरवर "२.५ मायक्रोफॅरॅड, ४४० व्होल्ट" असं काहीतरी छापलेलं असतं, काही पंख्यांना ३.१५ चा असतो. कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर असेल तर आधी कंडेन्सरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवा, मग मोजा. अडीचचा कंडेन्सर २.२ च्या खाली दाखवत असेल तर तो बदला. भाव ४० ते ८० रुपये. जेवढ्याचा होता तेवढ्याचाच घाला. अडीचच्या जागी ३.१५ चा घालून पंखा "पळवण्याची" युक्ती काही जण सांगतात. त्याने वेग थोडा वाढतो, पण वायंडिंग (मोटरमधली गुंडाळलेली तांब्याची तार) जास्त तापतं आणि वर्ष-दोन वर्षांत जळतं. वर चढलाच आहात तर दांड्याचा नटबोल्ट, त्यातली कॉटर पिन आणि हुकाजवळचं रबर बघून घ्या. रबर झिजून लोखंडावर लोखंड घासत असेल तर त्याच दिवशी बदला.

घरघर येत असेल तर बेअरिंग. बहुतेक पंख्यांत ६२०१ किंवा ६२०२ नंबरची दोन बेअरिंग असतात. मजुरी धरून ३००-४०० रुपयांत काम होतं आणि ते करण्यासारखं आहे.

वायंडिंग जळलं असेल (जळका वास, काळी पडलेली तांब्याची तार) तर मात्र पंखा पुन्हा भरून घेऊ नका. भरणावळ ४००-६०० रुपयेच असते, पण गल्लीत भरलेल्या पंख्यात अनेकदा तार बारीक वापरतात किंवा वेढे कमी देतात. असा पंखा आधीपेक्षा हळू फिरतो आणि जास्त तापतो. शिवाय इथे विजेचा हिशोब येतो. जुना पंखा ७० ते ८० वॉट घेतो, बीएलडीसी पंखा (इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालणाऱ्या मोटरचा) २८ ते ३५ वॉट. ४५ वॉटचा फरक, रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर १६२ युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला सोळाशे रुपये. बीएलडीसी पंखा अडीच-तीन हजारांना येतो, म्हणजे दोन वर्षांच्या आसपास पैसे वसूल. हा हिशोब दिवसभर चालणाऱ्या हॉलमधल्या पंख्याचा आहे. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा वर्षातून महिनाभर चालत असेल तर तिथे कंडेन्सर बदला आणि विसरून जा. बीएलडीसी घेताना त्याच्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर किती वर्षांची वॉरंटी आहे ते बघा, कारण त्यात जाणारा भाग तोच असतो. जुना रेग्युलेटर त्याच्या वाटेतून काढून टाका.

युनिटचा दर धरताना बिलातला सरासरी दर घेऊ नका. महावितरणच्या घरगुती बिलात स्लॅब असतात. वाचणारे युनिट तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबमधून वाचतात, म्हणून तिथला दर घ्या.

वस्तू किती वीज खाते, हे घरच्या मीटरवर मोजा

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी बहुधा "३२०० इम्पल्स" असा आकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त ती वस्तू चालू ठेवा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. मीटर ३२०० चा असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, आले ते वॉट. १५ सेकंदांनी एकदा दिवा लागला तर ७५ वॉट. आकडा वेगळा असेल तर ३६ लाखांना आधी त्या आकड्याने आणि मग सेकंदांनी भागा. जुन्या फ्रीजबद्दल निर्णय घेताना मात्र क्षणाचे वॉट उपयोगाचे नाहीत, कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होत असतो. त्यासाठी प्लगला लावायचा छोटा युनिटमीटर पूर्ण २४ तास लावून ठेवा.

फ्रीज

घाईत सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, कारण थंड होत नाही म्हटलं की पहिलं उत्तर "गॅस गेला" असं मिळतं. फ्रीजमधला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळीत फिरत असतो, कमी झाला तर कुठेतरी गळती आहेच. गळती न शोधता फक्त गॅस भरला तर दोन-अडीच हजार रुपये काही आठवड्यांत हवेत जातात.

आधी ऐका. फ्रीजच्या मागे दर काही मिनिटांनी "टक", मग थोडी गुणगुण, मग पुन्हा "टक" असं होत असेल तर कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि ओव्हरलोड प्रोटेक्टर त्याला बंद करतोय. व्होल्टेज खूप कमी आहे का बघा. ते ठीक असेल तर प्लग काढून कॉम्प्रेसरच्या बाजूची डबी उघडायला सांगा. त्यातला पीटीसी रिले हातात घेऊन कानाजवळ हलवा. आत खुळखुळलं तर त्यातली चकती फुटली आहे. रिले आणि प्रोटेक्टर मिळून २०० ते ४०० रुपये. नवा रिले घालूनही टक-टक थांबली नाही, तर कॉम्प्रेसरच्या तीन पिनांमधला रेझिस्टन्स मोजायचा. कुठल्याही दोन-दोन पिनांचे तीन आकडे येतात, त्यातल्या दोन लहान आकड्यांची बेरीज मोठ्याइतकी यायला हवी, जसं १२ आणि १८ ओहम असतील तर तिसरा ३०. बेरीज जुळत नसेल, किंवा पिन आणि कॉम्प्रेसरची बॉडी यांच्यात काहीही आकडा दाखवत असेल, तर वायंडिंग गेलं. आकडे जुळले तरी कॉम्प्रेसर जॅम झालेला असू शकतो. दोन्हीचा अर्थ कॉम्प्रेसर बदलणे, म्हणजे गॅससकट ६ ते ८ हजार. दहा वर्षांच्या पुढच्या सिंगल डोअर फ्रीजवर तो खर्च करू नये.

डबल डोअर फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये वरचा फ्रीझर ठीक आणि खालचं दूध नासतं, अशी तक्रार असेल तर गॅसचं नावही काढू नका. फ्रीज रिकामा करा, प्लग काढा, दारं उघडी टाकून २४ तास ठेवा. खाली पंचे घाला, पाणी बरंच येतं. पुन्हा सुरू केल्यावर चार-सहा दिवस उत्तम चालून परत तेच झालं, तर मागच्या कॉइलवर बर्फाची भिंत चढतेय आणि ती वितळवणारा हीटर, सेन्सर किंवा टायमर गेलाय. हजार-दीड हजारांचं काम. हे केलंच पाहिजे.

गळती असेल तर ती कुठे, यावर सगळं अवलंबून. सिंगल डोअरमध्ये सुरीने बर्फ खरवडताना फ्रीझरच्या ॲल्युमिनियमला भोक पडतं, ते दिसतं आणि त्यावर इलाज होतो. नळी फ्रीजच्या बाजूच्या भिंतीत, फोमच्या आत गळत असेल (मेकॅनिक "बॉडी लीक" म्हणतात), तर फ्रीज सोडून द्या. गॅस भरताना नवा फिल्टर आणि व्हॅक्यूम पंप हवाच. कॉम्प्रेसरवर आर-६००ए लिहिलं असेल तर तो ज्वालाग्राही गॅस आहे आणि लागतोही अगदी थोडा, म्हणून मेकॅनिककडे ग्रॅमचा वजनकाटा असला पाहिजे. "अंदाजाने भरतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे परत पाठवा.

दाराचं रबर तपासायला दहाची नोट दारात धरून दार लावा. नोट सहज सरकली तर तिथून थंडी जातेय. रबर ५०० ते ९०० रुपयांना मिळतं. वीस वर्षांचा फ्रीज दिवसाला दोन युनिट खात असेल तर वर्षाला ७३०. नव्याच्या लेबलवर वर्षाला २०० युनिट लिहिले असतील तर फरक ५३० युनिटचा, म्हणजे पाच हजारांच्या वर. इथे फ्रीज चालू असला तरी बदलणं शहाणपणाचं आहे.

एलईडी टीव्ही

आवाज येतो, चित्र काळं. खोलीत अंधार करून पडद्यावर तिरक्या बाजूने टॉर्च मारा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल चांगलं आहे, मागच्या दिव्यांची पट्टी गेली आहे. ३२ इंचीला १५०० ते २५०० रुपये. एकच दिवा गेला असला तरी सगळ्या पट्ट्या बदलून घ्या, कारण बाकीचे दिवेही तेवढेच तापून निघालेले असतात. बदलल्यावर सेटिंगमध्ये बॅकलाइट ५०-६० वर आणा. ते १०० वर ठेवल्यानेच पट्ट्या लवकर जातात.

पडद्याला तडा किंवा शाईसारखा डाग असेल तर पॅनल गेलं. त्याची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते, तिथे विचार करू नका. एखादी उभी रंगीत रेघ आली असेल तर ती तात्पुरती घालवून देणारे भेटतात, पण ती बहुतेक वेळा परत येते. अजिबात चालूच होत नसेल तर पॉवर सप्लायचं कार्ड बघायला सांगा. फुगलेले कपॅसिटर डोळ्यांना दिसतात, दुरुस्ती ८०० ते १५०० रुपये. आणि टीव्ही फक्त हळू झाला असेल, ॲप चालत नसतील, तर बिघाड काहीच नाही. तीन-चार हजारांची स्ट्रीमिंग स्टिक लावा.

बाकीच्या वस्तू, थोडक्यात

मिक्सर बंद पडला तर बुडाखालचं लाल बटण दाबा, ते ओव्हरलोडचं बटण असतं. मोटर फिरते पण पातं नाही, तर मोटर आणि भांडं जोडणारा कपलर, ५० ते १०० रुपये. ठिणग्या जास्त दिसतात, मधेच थांबतो, तर मोटरमधले कार्बन ब्रश, जोडी शंभराच्या आसपास. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) जळलं तर भांड्यांची अवस्था बघून ठरवा.

वॉशिंग मशिनचं पाणी निघत नसेल तर आधी खालचा फिल्टर उघडा, नाणी आणि पिना तिथेच अडकतात. फ्रंट लोडमध्ये पिळताना विमानासारखा आवाज येत असेल तर मशिन बंद करून ड्रम वर-खाली हलवून बघा. खेळ असेल तर बेअरिंग गेलं. टब स्क्रूने जोडलेला असेल तर बेअरिंग बदलता येतं. सांध्यावर चिकटवलेला असेल तर अख्खा टब घ्यायला लागतो आणि मशिन सात-आठ वर्षांचं असेल तर तो परवडत नाही. सेमी-ऑटोमॅटिक मात्र पट्टा, कंडेन्सर, ब्रेक वायर बदलत कितीही वर्षं चालवा.

मायक्रोवेव्ह घरी उघडू नका. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा करंट साठवून ठेवतो.

मेकॅनिकशी बोलताना

कार्ड गेलं असं सांगितलं तर दोन भाव घ्या. कंपनीचं सर्व्हिस सेंटर अख्खं कार्ड बदलतं, ४ ते ८ हजार. कार्डावरचे सुटे भाग बदलणारे कारागीर तेच काम हजार-दोन हजारांत करतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली परिसरात सुटे भाग मिळतात. जाताना वस्तूचा मॉडेल नंबर आणि जुन्या कार्डावर छापलेला नंबर, दोन्हींचा फोटो न्या, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन वेगळी कार्डं असतात. अंदाज लेखी घ्या, काढलेला जुना भाग मागून घ्या, आणि दुरुस्तीवर तीन महिन्यांची हमी बिलावर लिहून घ्या. वॉरंटीतली वस्तू असून टाळाटाळ होत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

नवीन घ्यायचं ठरलं तर एक्स्चेंजचा भाव आणि सुट्या भागांचा भाव, दोन्ही विचारा. चालू कॉम्प्रेसर किंवा चांगलं टीव्ही कार्ड कारागीर वेगळं विकत घेतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादक कंपन्यांवर जुन्या वस्तूंच्या रिसायकलिंगची जबाबदारी आहे, म्हणून कंपनीच्या हेल्पलाइनवर जुनी वस्तू नेण्याबद्दल विचारा. फ्रीज देताना कोणाला नळी कापून गॅस सोडू देऊ नका, आणि दाराचं कुलूप किंवा लॅच काढून टाका, लहान मूल आत अडकू शकतं. स्मार्ट टीव्ही देण्याआधी सेटिंगमधून फॅक्टरी रिसेट करा, नाहीतर तुमची खाती त्यात तशीच लॉग-इन राहतात.