चर बुजवला, पण हरळी कुठं आहे?

बेळगावच्या अनगोळातल्या आमच्या घरासमोर दहा बाय पंधरा फुटांची हरळी आहे, सासूबाईंच्या हातची. चतुर्थीला अर्ध्या गल्लीच्या दूर्वा इथूनच जातात. तीन वर्षांत ती दोनदा उकरली गेली, आधी पाण्याच्या पाइपसाठी, मग गॅसच्या. पहिल्या वेळी ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "बुजवून देतो की वो बाई," आणि मी चहा पाजून मोकळी झाले. मार्चमध्ये बुजवलेला चर जूनच्या पहिल्या झडीत वीतभर खचला. वर राहिला तो खालून आलेला लाल मुरूम, गिट्टी आणि पाइपचे तुकडे. हरळी खडकातही येते म्हणतात, तिनं तिथं वर्षभर तोंड दाखवलं नाही.

दुसऱ्या वेळी मी आधी कागद पुढं केला. फाटक उघडायचं असतं तोवरच आपला शब्द चालतो, पाइप पडली की माणसं पुढच्या गल्लीत. तीनच ओळी लिहून घ्या: वरची माती वेगळी ठेवणार, थर देऊन दाबणार, पावसात खचलं तर भर घालून देणार. खाली सुपरवायझरची सही आणि फोन नंबर. तिसरी ओळ सोडू नका, खरं भांडण तिथंच होतं. फाटकात उभं राहून चारी बाजूंचे फोटोही काढून ठेवा.

आता गवत उचलणं. हे मजुरांवर सोपवू नका. आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी घाला, सकाळी फावड्यानं फूटभराचे चौकोन कापा आणि मुळांसकट चार बोटं जाडीचे उचला. सावलीत ओल्या गोणपाटावर मांडले की चार-पाच दिवस सहज टिकतात. माती मातीला लागेल असे ठेवा, नाहीतर पाती पिवळी पडतात.

खोदणारी पोरं आमच्याकडं बहुधा कन्नड बोलणारी असतात. एक वाक्य पाठ करून ठेवा: "मेलिन मण्णु ब्यारे हाक्री", म्हणजे वरची माती वेगळी टाका. माझा उच्चार ऐकून ती हसली, पण काळ्या मातीचा ढीग तुळशीकडं आणि मुरमाचा रस्त्याकडं गेला. हे एवढं झालं तर निम्मं अंगण वाचलं. वीतभर वरची माती हीच गवताची जागा, खालचा मुरूम वर आला की उन्हात विटेसारखा होतो.

बुजवताना उभं राहा, ऊन असलं तरी. मुरूम एकदम ढकलू देऊ नका. अर्ध्या फुटाचा थर, पाणी, धुम्मस, मग पुढचा थर. पाइपवरची सावधानतेची पट्टी जागेवर आहे ना, ते बघा. वरचे सहा इंच मोकळे ठेवून तिथं आपली माती, त्यात तिसरा हिस्सा चाळलेलं जुनं शेणखत. न चाळता घातलं तर लव्हाळा येतो, आणि तो गेला असं मी अजून पाहिलेलं नाही. शेवटी चर जमिनीपेक्षा दोन इंच उंचच ठेवा. कुबड दिसतं खरं, पण पावसानं ते बसतं.

एप्रिल-मेमध्ये खोदलं असेल तर नवी हरळी लगेच लावायची घाई करू नका. मृगात चर बसू द्या, खड्डा पडेल तिथं भर घाला, आर्द्रात लावा. उचललेले चौकोन मात्र चर बुजवला त्याच दिवशी परत बसवायचे. सांधे मातीनं भरा, फळी टाकून वर उभं राहा, पंधरा दिवस रोज पाणी. उरलेल्या जागेत दोन-तीन पेरांचे धागे चार बोटांच्या अंतरावर आडवे दाबा, टोक तेवढं वर. तीन इंच झाल्यावर पहिली कापणी, तीही वरचा तिसरा हिस्साच.

तरी खचलंच तर फोनवर भांडू नका. माझा मराठी अर्ज महिनाभर पडून राहिला. शेजारच्या कन्नड शाळेतल्या पोरीनं तोच अर्धं पान कन्नडात लिहून दिला, सोबत सहीच्या कागदाची झेरॉक्स आणि दोन फोटो. दोन प्रती नेल्या, एकीवर पोच घेतली. आठवड्यात ट्रॅक्टरभर माती आली. गाजर गवताच्या बियांसकट आली, तो भाग वेगळा.

पाइप कुठून गेली त्याचं चित्र, भिंतीपासूनच्या फुटांसह, मीटरच्या पेटीत चिकटवून ठेवा. परवा वीजवाले केबलसाठी टेप लावून गेले. गोणपाटं मी धुऊन वाळत घातली आहेत.