गच्चीची गळती : आधी भेग शोधा, मग डबा उघडा

आमचं घर जुळे सोलापुरात. मागच्या सप्टेंबरात स्वयंपाकघराच्या छताला ओल आली आणि पोपडे थेट आमटीत पडायला लागले. पेंटर म्हणाला, आतून पुट्टी मारू. मारलीही; दोन महिन्यांत फुगली. पाणी वरून येत असताना खालून लिंपून काय होणार!

यंदा मे महिन्यात वरूनच हात घातला. गच्ची तारेच्या ब्रशनं घासून धुतली. वाळताना गंमत दिसते : सगळा स्लॅब कोरडा होतो, भेगा मात्र काळ्या रेघांसारख्या ओल्या राहतात. लगेच खडूनं खुणा करा. भेग छिन्नीनं इंग्रजी व्ही आकारात उघडायची, धूळ काढायची आणि पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूनं भरायची. खरी चोरवाट कठडा आणि स्लॅबच्या सांध्यात असते. तिथं गोलसर वाटा काढा, म्हणजे त्याच मसाल्यानं कोपरा भरून गोल करा. ताज्या मसाल्यावर मी जुनी सोलापुरी चादर भिजवून टाकली. बायको अजून बोलते त्यावरून.

मग सगळीकडून पाणी जायच्या पाइपाच्या तोंडाकडे उतार आहे का तपासा : १० फुटांना साधारण सव्वा इंच. मग वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. तेही सकाळी लवकर. ४२ अंशांत तापलेल्या स्लॅबवर ते नीट धरत नाही.

कोटिंग पूर्ण वाळल्यावर पाइप बंद करून २४ तास पाणी साठवलं. छत कोरडं होतं.