नागरिकशास्त्राच्या प्रशिक्षणाला जाण्याआधी

प्रशिक्षणाचा आदेश आला की आपण वही-पेन घेतो, डबा भरतो आणि निघतो. कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत समाजविज्ञान शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की या वेळी आठवडाभर आधी तयारीला लागा.

पहिलं काम गावातच आहे. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन या. अध्यक्ष कोण, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) कोण, मागची ग्रामसभा कधी झाली, तिथं किती माणसं आली, हे विचारून वहीत लिहा. जाताना दोन-चार मुलांना सोबत घ्या आणि भिंतीवरचे कन्नड फलक त्यांनाच वाचू द्या. पुष्कळदा त्यांचं कन्नड आपल्याहून सफाईदार असतं.

हे मी अनुभवानं सांगतो. एकदा सातवीच्या वर्गात मी फळ्यावर 'सरपंच हा गावाचा प्रमुख' असं लिहिलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, माझी आई पंचायतीत मेंबर आहे. तिथं सरपंच कुणीच नाही." तिचं बरोबर होतं. घरात बातम्या महाराष्ट्राच्या लागतात, म्हणून सरपंच, ग्रामसेवक, जिल्हा परिषद हे शब्द आपल्या तोंडात बसलेत. उंबऱ्याबाहेर मात्र अध्यक्ष, पीडीओ आणि जिल्हा पंचायत आहे. तेव्हा वहीच्या एका पानावर दोन रकाने पाडा, एक महाराष्ट्राचा, एक कर्नाटकाचा. पंचायत समितीसमोर तालुका पंचायत, सातबाऱ्यासमोर पहाणी, विधानसभेच्या २८८ जागांसमोर २२४. पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत, हेही त्यात लिहा. त्या मुलीची आई मेंबर कशी झाली, हा प्रश्न वर्गात येणारच. जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ साली संपली आणि पुढची निवडणूक वेळेवर झाली नाही, हे लपवू नका. निवडणूक लांबली की गावाचं काय अडतं, हाच एक चांगला पाठ होईल.

पिशवीत संविधानाची मराठी प्रत असू द्या, मिळाली तर कन्नडही. पाठ्यपुस्तकाचं मराठी कन्नडवरून आलेलं असतं. ज्या वाक्यांवर मुलं अडतात, त्यांवर पेन्सिलीनं खूण करून न्या आणि प्रशिक्षकांपुढे ती वाक्यं मोठ्यानं वाचा. पुस्तक नुसतं वाचून दाखवणारं प्रशिक्षण मी पाहिलंय. दोन दिवस वाया गेल्याची खंत अजून आहे, म्हणून प्रश्न आपणच घेऊन जावेत.

सगळ्यात जास्त वेळ एका प्रश्नासाठी ठेवा. १ नोव्हेंबरला शाळेत राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिन, असतो आणि त्याच दिवशी कित्येक मराठी घरांत हा भाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा काळा दिन पाळतात. या दोन्हींच्या मध्ये मूल उभं असतं आणि ते विचारतं, "सर, आपण कुठले?" टाळून चालत नाही. बाजू शिकवणं हे आपलं काम नाही, पण हा प्रश्न संविधानात कुठे बसतो, ते दाखवणं नक्कीच आहे. क्रम पाठ असू द्या: १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६६ साली सीमाप्रश्नासाठी नेमलेला महाजन आयोग, १९६७ चा त्याचा अहवाल, २००४ साली महाराष्ट्राची सर्वोच्च न्यायालयात धाव. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला कलम ३ देतं. दोन राज्यांमधला तंटा कलम १३१ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जातो. आणि कलम ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं असं सांगतं. ही तीन कलमं आपल्या मुलांइतकी जवळून कुणाला भिडतात?

सुवर्ण विधानसौधाला, म्हणजे बेळगावच्या विधिमंडळ इमारतीला, मुलं नेण्यासाठी अर्ज कुणाकडे करायचा, मुलांची ग्रामसभा आपल्या पंचायतीत कधी भरते, हे दोन प्रश्नही लिहून न्या. हलग्याजवळची ती इमारत २०१२ पासून उभी आहे. महामार्गानं येता-जाता मुलं ती बाहेरून बघतात, आत काय चालतं ते त्यांना ठाऊक नसतं.

शेवटचं काम निघण्याआधीच उरका. त्या मुलीच्या आईला वर्गात बोलवायचं माझ्याकडून राहून गेलं. तुम्ही तुमच्या गावच्या मेंबरबाईंना आताच भेटा, प्रशिक्षणावरून परतल्यानंतरच्या आठवड्यातला त्यांच्या सवडीचा एक तास मागून घ्या आणि मुलांना प्रश्न लिहून ठेवायला सांगा.