एचआयव्ही-२: रिपोर्ट वाचताना आणि औषध ठरवताना या चुका टाळा

एचआयव्ही चाचणीच्या रिपोर्टवर 'रिअ‍ॅक्टिव्ह' (म्हणजे पॉझिटिव्ह) दिसलं की नजर तिथेच थांबते. विषाणू एचआयव्ही-१ आहे की एचआयव्ही-२, हे बघायचं राहून जातं. भारतात बहुतेक संसर्ग एचआयव्ही-१ चे असल्याने ही घाई एरवी खपून जाते. जिथे खपत नाही, तिथे रुग्णाची औषधंच चुकतात.

'तो आफ्रिकेतला विषाणू' म्हणून सोडून देणं

हे अर्धंच खरं आहे. १९८६ साली पश्चिम आफ्रिकेतल्या रुग्णांमध्ये एचआयव्ही-२ ओळखला गेला. सूटी मँगाबी जातीच्या माकडांतल्या विषाणूपासून तो माणसांत आला. गिनी-बिसाऊ, केप व्हर्डे, सेनेगल, आयव्हरी कोस्ट हा त्याचा मूळ पट्टा. पुढे पोर्तुगाल आणि फ्रान्समध्येही रुग्ण सापडले. पण १९९१ मध्येच भारतातल्या रक्तनमुन्यांत त्याची नोंद झाली आहे. त्यामुळे 'परदेशात गेला होतात का?' या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं म्हणून हा विषय संपत नाही.

व्हायरल लोड 'आढळला नाही' यावर विसंबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नेहमीची व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) तपासणी एचआयव्ही-१ चाच जनुकीय मजकूर शोधते. एचआयव्ही-२ समोर असला तरी ती 'आढळला नाही' असंच सांगणार. मग त्या कागदाचे तीन चुकीचे अर्थ निघतात: पहिली चाचणी खोटी पॉझिटिव्ह होती, औषध उत्तम लागू पडलंय, किंवा आजार बरा झाला. तिन्ही अर्थ धोक्याचे आहेत. रॅपिड चाचण्या पुन्हा पुन्हा रिअ‍ॅक्टिव्ह येतायत, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) घसरतोय आणि व्हायरल लोड मात्र कोरा, असा मेळ न बसणारा रिपोर्ट दिसला की आधी एचआयव्ही-२ ची शंका घ्या.

गुंता आणखी आहे. खास एचआयव्ही-२ ची व्हायरल लोड तपासणी मोजक्याच ठिकाणी होते, आणि या विषाणूचं रक्तातलं प्रमाण मुळातच कमी असतं. उपचार न घेणाऱ्या कित्येकांत ते सापडतही नाही. म्हणून इथे सीडी४ आणि रुग्णाची तब्येत यांवर जास्त भर द्यावा लागतो.

दोन्ही रेघा उमटल्या म्हणजे दोन्ही विषाणू, असं धरणं

रॅपिड किटवर दोन्ही प्रकारांसाठी वेगवेगळ्या रेघा असतात. पण दोन्ही विषाणूंची प्रथिनं इतकी मिळतीजुळती आहेत की एकाविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) दुसऱ्याच्या रेघेवरही चिकटतात. दुहेरी संसर्ग असू शकतो, पण निव्वळ किटवरून तो ठरवू नये. नाकोने (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था) एचआयव्ही-२ साठी ठरवून दिलेल्या संदर्भ प्रयोगशाळेत नमुना गेला पाहिजे. पुण्याची 'नारी' (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, जिचं नाव आता बदललं आहे) ही त्यातली जुनी प्रयोगशाळा. एचआयव्ही-१ च्या वेस्टर्न ब्लॉटवर (विषाणूच्या एकेका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं दाखवणारी चाचणी) गॅग आणि पोल या प्रथिनांचे पट्टे दिसतात, एन्व्ह या आवरणातल्या प्रथिनाचे दिसत नाहीत आणि शेरा 'अनिर्णित' येतो, तेव्हाही हीच वाट धरावी.

'हा सौम्य असतो' म्हणून ढिलाई

तो सावकाश वाढतो आणि कमी पसरतो, हे खरं. तरी एड्सपर्यंत नेतोच, आणि एचआयव्ही-१ पासून संरक्षण मुळीच देत नाही.

औषधांची सरसकट यादी लावणं

नेव्हिरापिन, इफाव्हिरेन्झ, रिल्पिव्हिरिन हा एचआयव्हीच्या औषधांचा गट एचआयव्ही-२ वर मुळात चालतच नाही. इथे प्रतिरोध नंतर तयार होत नाही, तो पहिल्या दिवसापासून असतो. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही सध्याची एकत्र गोळी दोन्ही प्रकारांवर लागू पडते, त्यामुळे आता बरीच चिंता मिटली आहे. पण बऱ्याच वर्षांपूर्वी इफाव्हिरेन्झवर सुरू झालेला आणि त्यावरच राहिलेला रुग्ण आला, तर त्याची पहिली फाइल काढून प्रकार तपासा. कॅबोटेग्राविर-रिल्पिव्हिरिनच्या लांब टिकणाऱ्या इंजेक्शनांचा विचार करतानाही हाच गट आठवावा.

बाळाच्या बाबतीत हेच दोन मुद्दे पुन्हा येतात. आईला फक्त एचआयव्ही-२ असेल तर बाळाला संसर्ग टाळण्यासाठी दिलं जाणारं नेव्हिरापिनचं सिरप उपयोगाचं नाही. झिडोव्हुडिन द्यावं लागतं. आणि टाचेतून रक्त घेऊन होणारी नेहमीची पीसीआर (विषाणूचा जनुकीय मजकूर शोधणारी चाचणी) एचआयव्ही-१ चीच असते, म्हणून तिच्या निगेटिव्ह निकालावर बाळाला मोकळं न करता एचआयव्ही-२ ची पीसीआर मिळते का ते विचारावं, आणि १८ महिन्यांनंतरची प्रतिपिंड चाचणी चुकवू नये.