पोस्टिंगला जाण्याआधी हे मला कुणी सांगितलं नव्हतं

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी वॉर्डमध्ये पोस्टिंगला असताना, बीपी घेताना पेशंटचं कोपर सरळ राहावं म्हणून मी त्याचा हात माझ्या काखेशी दाबून धरायचे. एकदा एकाची बोटं हलली. चुकून लागली असतील, अशी मी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी मी बेडजवळ जाताच त्याने न सांगता हात पुढे केला आणि हसला. मी रीडिंग घेतलं, चार्टवर लिहिलं, बाथरूममध्ये जाऊन रडले आणि कुणालाही काही बोलले नाही.

हात उशीवर ठेवा, हृदयाच्या पातळीला, आणि स्वतः एक पाऊल मागे उभ्या राहा. रीडिंगही त्यानेच बरोबर येतं. पण तुम्ही नीट उभ्या नव्हता म्हणून ते घडलं, असं मनातसुद्धा आणू नका. चूक त्या बोटांची होती.

कॅथेटर केअर (लघवीच्या नळीची स्वच्छता) करताना पुरुष पेशंटचं लिंग ताठर झालं तर ती शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. चादर ओढा, थोड्या वेळाने या. मात्र तुमचा हात धरून तिकडे नेणं, स्पंज बाथच्या वेळी घाणेरडं बोलणं, हा छळच. डिलिरियम (आजारपणात अचानक येणारा भ्रम), डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) किंवा मेंदूला मार लागलेल्या पेशंटला आपण काय करतोय याचं अनेकदा भान नसतं, हे खरं. तरीही वॉर्डच्या सिस्टरना सांगा. त्याला दोघींनी मिळून हाताळायचं, हे ठरवायला त्यांना कळायला तर हवं!

सगळ्यात अवघड असतं ते लॉगबुकवर, म्हणजे आपल्या कामाच्या नोंदवहीवर, सही करणाऱ्या माणसाबद्दल बोलणं. नाईट ड्युटीला ‘केस समजावतो’ म्हणून रिकाम्या खोलीत बोलावलं तर मैत्रिणीला सोबत न्या, आणि तिला नको म्हणाला तर आत जाऊ नका. मेसेज डिलीट करू नका. त्याच दिवशी लिहून काढा: तारीख, वेळ, वॉर्ड, तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, आसपास कोण होतं. पेशंटचं नाव मात्र ग्रुपवर टाकू नका, ती गोपनीयता आपल्याला पाळावीच लागते.

‘या प्रोफेशनमध्ये हे चालायचंच’ असं ऐकवलं गेलं तर तिथे थांबू नका, कॉलेजकडे लेखी द्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2019 च्या 190 क्रमांकाच्या करारात प्रशिक्षणार्थींचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि सोबतच्या शिफारशीत पेशंटकडून होणाऱ्या त्रासाचाही. तुम्ही ‘अजून स्टाफ नाही’ म्हणून तुमची तक्रार कमी मोलाची ठरत नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना पहिल्या वर्षाची एक मुलगी थरथरत माझ्याकडे आली. आम्ही दोघी मिळून इन्चार्ज सिस्टरकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तिला खुर्चीत बसवलं आणि तिला सांभाळायला दुसऱ्या बेडचा पेशंट दिला. पाच मिनिटंही लागली नाहीत.